परक्या देशाचं भांडण

आमच्या अमेरिकेतल्या, वेस्ट विंडसरच्या घरात भारताचं राजकारण बोलायला बंदी आहे. मीच घातली. मंडल आयोगाच्या वेळी गणपतीच्या जेवणावळीत दोन भले इंजिनीअर एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हापासून. अमेरिकेचं राजकारण आमच्यात कुणी मनावर घेत नाही. मग उरलं काय? ब्रिटनचं! माझा नवरा बाळ आणि त्याचा जिवलग मित्र प्रफुल्ल, दोघांनी उमेदीची वर्षं लेस्टरमध्ये काढली. बाळ पक्का टोरी, म्हणजे हुजूर पक्षाचा; प्रफुल्ल लेबरवाला, मजूर पक्षाचा. केबलवर तिथल्या पार्लमेंटचा कार्यक्रम लागतो, तो मी टेप करून ठेवायचा आणि शनिवारी चहा घेत दोघांनी त्यावर भांडायचं, असा नेम. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मला वाटायचं, भांडा बाबांनो हवं तेवढं, त्यात आपल्या बापाचं काय जातंय?

शहाण्णवच्या जानेवारीत बाळच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, बायपास, आणि तीही लगेच. पण बाळ ऐकेल तर शपथ. त्याचे वडील पुण्यात साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला गेले होते. भूल दिली ते उठलेच नाहीत. ती भीती त्याच्या हाडात बसलेली. शेवटी प्रफुल्ल म्हणाला, "भूल मी देतो. तू डोळे उघडेपर्यंत तिथून हलणार नाही." ऑपरेशन व्हायचं होतं त्याच हॉस्पिटलात तो भूलतज्ज्ञ. तेव्हा कुठे बाळ तयार झाला. मंगळवार ठरला.

आदल्या शनिवारी प्रफुल्ल आणि त्याची बायको संघमित्रा आले. मी म्हटलं, आज नको ती टेप. पण बाळ म्हणाला, "लाव गं, तेवढंच डोकं दुसरीकडे जाईल." लावली मेली! ती संपता संपता त्या आठवड्यातली बातमी निघाली. लेबर पार्टीने काही मतदारसंघांतून फक्त बायकांनाच तिकीट द्यायचं ठरवलं होतं, ते बेकायदा ठरलं होतं.

प्रफुल्ल शांतपणे बोलला. दार पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवलं असेल तर ते कुणीतरी मुद्दाम उघडावं लागतं, असं काहीसं. बाळने नेमाप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं. मग गोड हसून म्हणाला, "मान्य. पार्लमेंटपुरतं ठीक आहे रे. पण अशा सवलतीवर डॉक्टर झालेल्याच्या हाताखाली तू तरी झोपशील का टेबलावर?"

प्रफुल्ल नागपूरच्या मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर शिकला. बाळला हे माहीत नव्हतं थोडंच! वादाच्या नादात समोर कोण बसलंय तेच विसरला. चहाचा घोट घेत चक्क उत्तराची वाट बघत होता, कप्पाळ माझं.

प्रफुल्लने कप खाली ठेवला. "मला काही बोलायचं नाही," म्हणाला. संघमित्रा उठून कोट घालायला लागली. "शोभाताई, बसा तुम्ही, दार आम्ही ओढून घेतो," एवढंच म्हणाली.

दार लागलं तेव्हा बाळचा चेहरा पांढराफटक पडला.

"फोन कर त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? मी लेबर पार्टीबद्दल बोलत होतो गं!"

"हो, आणि मंगळवारी तुला भूल ती लेबर पार्टी देणार होती का?"

तो म्हणाला, "प्रफुल्ल नाही आला तर मी ऑपरेशन कॅन्सल करणार." मग माझ्या जिवाला थारा नाही. मी फोन केले, तर प्रत्येक वेळी त्यांचं आन्सरिंग मशीन. मशीनला काय सांगू, माझ्या नवऱ्याची जीभ घसरली म्हणून? बाळचा श्वास जरा जोरात ऐकू आला तरी मी दचकत होते.

मंगळवारी प्रफुल्ल आला. हिरव्या कपड्यांत, नेहमीच्याच चालीने. मला रडूच फुटलं. बाळने त्याचा हात घट्ट धरला. "प्रफुल्ल, परवा मी जे बोललो ते..."

"आत्ता नको," प्रफुल्ल म्हणाला. "आत्ता तू घाबरलेला आहेस. घाबरलेल्या माणसाचं सॉरी मला नको. बरा झालास आणि तरीही वाटलं, तर बोल."

ऑपरेशन छान झालं. बाळने डोळे उघडले तेव्हा प्रफुल्ल उशाशी उभा होता, सांगितल्याप्रमाणे.

त्यानंतर रोज सकाळी तो राउंडला जाता जाता यायचा. मी श्वास रोखून बसायचे, आता बोलेल बाळ, आता बोलेल. आणि हा बाबा जेलीच्या चवीबद्दल बोलतोय, नर्सबद्दल बोलतोय, आपलेच टोरी पुढच्या वर्षी कसे हरतील त्यावर बोलतोय! प्रफुल्ल ऐकून घ्यायचा, दाराशी क्षणभर रेंगाळायचा आणि जायचा. शेवटी बाळनेच विचारलं, "शनिवारी येणार ना रे घरी?" तो म्हणाला, "बघतो," आणि निघाला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, बोलला का नाहीस?"

"आता कशाला उकरून काढायचं?" बाळ टाके सांभाळायला दिलेली उशी छातीशी धरत म्हणाला. "त्याच्या मनात काही नाहीये. असतं तर मला धड उठवलं असतं का त्याने?"

बाई गं! मी बघतच राहिले त्याच्याकडे.

"म्हणजे राग असता तर त्याने तुला मारलं असतं, असं म्हणायचंय तुला?" माझा आवाज चिरकला. "राग आहे त्याच्या मनात, बाळ. राग आहे, आणि तरी त्याने तुला जपून उठवलं. लाज वाटू दे थोडी."

त्याने पांघरूण बाजूला सारलं. मग पाय खाली सोडून म्हणाला, "स्लिपर दे."

एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत, दुसऱ्या हाताने उशी धरून तो कॉरिडॉरमध्ये निघाला, मी मागोमाग. टोकाला प्रफुल्ल एका नर्सशी बोलत उभा होता. अर्ध्या वाटेत बाळ थांबला, दम लागला म्हणून नाही. इतकी वर्षं दर शनिवारी माझे कान किटवणारा हा माणूस मला हळूच विचारतो, "शोभा, काय बोलू गं?"