डावीकडची चाकं

तिने बोट ओलं केलं आणि गाडीच्या पुढच्या चाकाच्या कडेवरून फिरवलं. बोटाला कच लागली. चंदेरी रंग खरवडून आतलं अंग उघडं पडलं होतं. वाकल्या वाकल्याच तिने मागचं चाक पाहिलं. तेही तसंच. मग वळसा घालून ती उजव्या बाजूला गेली. तिथली दोन्ही चाकं आरशासारखी लख्ख.

महिन्यापूर्वीच नवऱ्याने चारही चाकं अंगणात काढून, घासून, रंगवून नवी केली होती. निवृत्तीनंतर घेतलेली ही जुनी गाडी, पण तिच्या अलॉयच्या चाकांवर त्याचा भारी जीव. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो ती दाखवायचा.

"अहो, चाकं कुठे घासलीत?"

"मी नाही घासली."

"मग काय उंदरांनी कुरतडली?"

त्याने कप खाली ठेवला. "दुसरी किल्ली तुझ्या भावाकडे असते. त्याच्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

त्याच संध्याकाळी त्याने मेव्हण्याला बोलावून नको नको ते सुनावलं. भावाने किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच तो गेला. त्यानंतर त्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही.

तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? हल्ली नवरा पेट्रोल भरायला म्हणून जायचा आणि तासाभराने उगवायचा. पंप तर कोपऱ्यावर. बाजारामागच्या अरुंद गल्लीत त्याच्या ऑफिसातली टायपिस्ट राहायची, एकटी. निरोपाच्या दिवशी ती 'साहेब, साहेब' करताना आवाजातून नुसता पाक गळत होता. त्या गल्लीत गाडी घातली तर चाक फुटपाथला घासणारच.

एके दुपारी पिशवी घेऊन ती गल्लीत गेली आणि वाकून फुटपाथची कड बघू लागली. चंदेरी ओरखडे होते. लाल होते, निळेही होते. गावातल्या झाडून साऱ्या गाड्यांनी तिथे हजेरी लावलेली.

"वहिनी, काही पडलं का?" वरून टायपिस्टने विचारलं.

"कानातलं."

टायपिस्ट धावत खाली आली आणि तीही शोधू लागली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. वहिनींच्या दोन्ही कानांतली फुलं जागच्या जागी होती. टायपिस्ट एवढंच म्हणाली, "साहेब बरे आहेत ना? निवृत्त झाल्यापासून भेटच नाही."

तिचा त्यावरही विश्वास बसला नाही.

रविवारी नवऱ्याने गाडी जॅकवर चढवली, डावीकडचं पुढचं चाक काढलं आणि अंगणातल्या स्टुलावर आडवं ठेवलं. ती पायरीवर लसूण सोलत बसली. नजर मात्र त्याच्यावर. पॉलिशपेपर पाण्यात बुडवून त्याने कड घासली, पुसली. मग पत्त्यांचा जुना कॅट काढला आणि टायर नि चाकाच्या फटीत एकेक पत्ता उभा खोचत गेला, रबरावर रंग उडू नये म्हणून.

"पत्ते उरले," तो म्हणाला. हातातल्या गड्डीकडे त्याने संशयाने पाहिलं. "मागच्या खेपेला पुरले नव्हते, पुठ्ठा कापून घातला होता. यात कोणी भर घातली का?"

तिने मान वर केली. पत्ते त्याच्या उजवीकडून, पलीकडच्या टोकापासून अलीकडच्या टोकापर्यंत दाटीने उभे होते. डावी बाजू मोकळी होती. तिथली कड घासलेलीही नव्हती.

"सगळीकडे लावलेत?"

"हे काय, दिसत नाही?" पलीकडून सुरू करून त्याने उजवीकडून बोट स्वतःपाशी आणलं आणि थांबवलं. "झालं की गोल."

तिने त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. लबाडी नव्हती. काम मनासारखं झाल्याचं समाधान तेवढं होतं.

लसूण तसाच ठेवून ती उठली आणि त्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. त्याने पायरीकडे पाहिलं.

"कुठे गेलीस?"

"इथेच आहे."

तो केवढ्याने तरी दचकला. तिने दोन्ही हातांनी चाक अर्धं फिरवलं. त्याच्यासमोर ओरखडे आले.

"हे राहिलंय?" त्याने चाक परत फिरवलं. ओरखडे गेले. पुन्हा फिरवलं. आले. असं तो किती तरी वेळ करत राहिला.

"पंपाचं वळण हल्ली चुकतं माझं," शेवटी तो म्हणाला. "वाटायचं, कुणीतरी रस्ता बदललाय." मग एकदम आवाज उतरला. "तुझ्या भावाला मी काय काय बोललो."

गल्लीतली ती वाकलेली दुपार तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"ते मागाहून बघू. आधी डॉक्टरांकडे जाऊ."

"पाच मिनिटं थांब, चाक बसवतो. गाडीनेच जाऊ."

"राहू दे ते चाक," ती म्हणाली आणि तिने भावाला फोन लावला.

"उचलेल का तो?"

त्याला दिसेल अशी ती उजवीकडे येऊन उभी राहिली. रिंग वाजत होती.