कापलेली हिरवी तार

मी एक जुनी हिरवी तार आहे. लाँड्रीतल्या मोठ्या धुलाई मशीनच्या पाठीमागे, पत्र्याच्या आत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्या लाल आणि काळ्या बहिणींना सगळे मान देतात, कारण मशीन चालवणारी वीज त्यांच्यातून जाते. मी मशीनच्या पत्र्यापासून निघते आणि प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीला जाऊन मिळते. पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर तिला मी जमिनीत ओढून नेते. मग फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ती वेळ येईपर्यंत मी सगळ्यांच्या लेखी बसून खाणारी.

कारखान्यात मला स्क्रूने आवळणाऱ्या कामगाराने ओढून ओढून पाहिले होते. “ही सुटता कामा नये,” असे तो शेजारच्याला म्हणाला. एवढे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

या मशीनवर मावशी काम करायच्या. हात कायम ओले आणि तोंड कायम चालू. “चल गं बाई, आटप लवकर,” असे त्या मशीनलाच दटावायच्या. पिळताना मशीन थडथडू लागले की दोन्ही हातांनी त्याला दाबून धरायच्या. मला त्या फार आवडायच्या.

पुढे लाल बहिणीचे वेष्टन पत्र्याच्या कडेला घासून फाटले. ड्रम जोरात फिरला की तिचे उघडे अंग पत्र्याला टेकायचे. मी वीज जमिनीत ओढली आणि फ्यूज उडाला. नवा बसवला, तोही उडाला. मला वाटले, आता तरी माझी किंमत कळेल. मालकांनी आपल्या मेहुण्यांना बोलावले. मेहुणे म्हणजे त्या घरातले सर्वज्ञ. त्यांनी एकेक तार सोडून पाहिली. मी सुटल्यावर फ्यूज उडत नाही, एवढेच त्यांना दिसले.

“दाजी, दोष सापडला. ही हिरवीच नडत होती,” असे म्हणून त्यांनी पकडीने मला कापले. मशीन सुरळीत चालू लागले. मालकांनी मेहुण्यांची पाठ थोपटली. आग लागली म्हणून ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसे हे झाले.

त्या दिवसापासून मशीन झटके देऊ लागले. मालकांनी मावशींना उभे राहायला लाकडी फळी दिली, रबरी चपला दिल्या. “फळीवरून उतरू नका, म्हणजे झालं,” हा तिथला नियमच होऊन बसला. मावशींची धाकटी जाऊ शेजारी इस्त्री करायची. “काय जाऊबाई, आज मशीन रुसलंय का?” असे ती विचारायची आणि दोघी हसायच्या. मला हसू येत नव्हते.

मग यंत्रांची तपासणी करणारी बाई आली. तिने मीटरचे एक टोक जाड पिनेला लावले, दुसरे पत्र्याला. मीटर वाजायला हवा होता, तो गप्प राहिला. तिने मागचा पत्रा उघडला आणि आम्हा दोघी बहिणींची दशा पाहिली.

“ही तार कुणी कापली?”

“मशीन असंच आलंय हो,” मालक म्हणाले.

“लाल तार बदला, हिरवी जोडून घ्या. तोवर मशीन लावू नका. माणूस मरेल इथे.”

तिने लाल चिठ्ठी चिकटवली आणि ती गेली. “यांना घाबरवण्याचाच पगार मिळतो,” मेहुणे म्हणाले. चादरींचा ढीग पडला होता. मालकांनी चिठ्ठीपुढे साबणाचा डबा सरकवला आणि मशीन सुरू केले.

थोड्याच दिवसांत, थडथडणारे मशीन दाबून धरताना मावशींचा पाय फळीवरून घसरला. चप्पल निसटली आणि पाऊल ओल्या फरशीवर पडले. माझे तुटलेले टोक पत्र्यापासून चार बोटांवर होते. मला तिथवर पोचता आले नाही. मावशी पुन्हा उठल्या नाहीत.

त्यांना नेल्याबरोबर मेहुण्यांनी माझी टोके सोलून पिळून जोडली. लाल तारेवर टेपचे दोन वेढे दिले. मावशी जिवंत असताना जे झाले नाही, ते मालकांना वाचवण्यासाठी चहा निवायच्या आत झाले.

तपासणारी बाई पुन्हा आली. या वेळी मीटर वाजला. मित्रांनो, मी पास झाले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी जोडून घेतली,” मालक म्हणाले.

बाई नव्या टेपकडे बघत राहिली. मग तिने जावेला विचारले, “या मशीनचा झटका बसायचा का?”

जावेने मालकांकडे पाहिले. मावशींच्या जागी आता तिलाच घेतले होते, आणि मावशींची मुलेही तिच्याच पदरात होती. “नाही बाई,” ती म्हणाली. “त्यांना छातीचं दुखणं होतं.”

मला तिचा राग आला. अजूनही येतो. पण भरल्या घराची चूल जिच्या हातात, तिच्यावर रागावून तरी किती रागावणार?

टेप कधीच घासून गेली. आज सकाळपासून फ्यूज उडतो आहे, म्हणजे मी माझे काम चोख करते आहे. मालकांनी मेहुण्यांना बोलावून घेतले आहे. मागचा पत्रा निघाला आहे, पकड बाहेर आली आहे, आणि जाऊ फळीवर उभी राहून बघते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र पुन्हा पुन्हा फ्यूज उडवू लागले, तर त्याच्यावर चिडू नका. ते का उडवते ते शोधायला लावा, आणि शोधणाऱ्याचे ऐका. मला तोंड नाही. त्या जावेला आहे. मेहुण्यांची पकड माझ्या अंगाला लागली आहे, आणि जाऊ अजून गप्प आहे.