नेवेनाची फुटकी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि फुटकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. पण म्हणून मला बिचारी समजू नका.

माझा जन्म लोहाराच्या ऐरणीवर झाला. त्याने पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला, वरून पितळेचे पाणी चढवले आणि कानाशी धरून कितीतरी वेळ वाजवून पाहिले. मग ग्रोझ्दान आजोबांनी मला विकत घेतले. तेव्हा ते आजोबा नव्हते, गावातल्या कुकेरांचे नवे म्होरके होते. हिवाळ्यात अंगावर बोकडाची पांढरी केसाळ कातडी चढवायची, तोंडावर शिंगांचा मुखवटा बांधायचा, कमरेला घंटांचा पट्टा आवळायचा आणि उड्या मारत वाईटसाईट सारे हाकलून लावायचे, हे कुकेरांचे काम. त्यांचे नियम दोन. शेवटचा फेर होईपर्यंत मुखवटा काढायचा नाही, आणि घंटा थांबू द्यायच्या नाहीत. घंटा थांबल्या की हाकललेले सगळे परत येते, असे आमच्याकडे मानतात.

त्या पट्ट्यावर मी सगळ्यांत लहान, जेमतेम मुठीएवढी. तरी तीस वर्षे सगळ्यांच्या वर माझाच आवाज असे. लोक म्हणत, "ग्रोझ्दानची टोळी आली." मला न बघताच ओळखत. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच सांगते.

मग एका वर्षी आजोबा बर्फावरून घसरले. त्यांचा गुडघा गेला आणि मला तडा गेला. पट्टा त्यांच्या मुलाकडे, रांगेलकडे आला. त्याने माझ्या जागी नवी घंटा बसवली आणि मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवले. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत फार वाईट वाटे.

खिळ्यावरून मला काढले ते रांगेलच्या मुलीने, नेवेनाने. आजीच्या कडेवर बसून तिने मला ओढले, माझ्यात पावाचा तुकडा कोंबून पाहिला आणि जमिनीवर आपटले. ठक्क-खर्र! हा माझा नवा आवाज. तिला तो फार आवडला. या मुलीला शांतता म्हणून खपत नाही. घर जरा शांत झाले की ती मला बडवते, आणि दुपारी तर हमखास.

"अगं ए, जरा डोळा लागू दे की!" आजोबा खेकसत. "हा फुटका डबा विहिरीत टाकतो बघ!"

"टाका, टाका," आजी म्हणे. "मग ती तुमच्या उशाशी कढई बडवेल."

नेवेना दोन वर्षांची झाली त्या जानेवारीत शहरातल्या मोठ्या उत्सवाला सगळे घर निघाले. गावोगावचे कुकेर येणार होते, परीक्षक बसणार होते आणि रांगेल पहिल्यांदाच म्होरक्या होता. नेवेना मला घेऊन गाडीत चढली, तर आजोबांनी कपाळाला हात लावला.

"फुटकी घंटा उत्सवात? लोक म्हणतील, ग्रोझ्दानच्या घरात एक धड घंटा नाही!"

"राहू द्या हो बाबा," नेवेनाची आई झोर्नित्सा म्हणाली. "हिने भोकाड पसरले तर त्या घंटा कोणाला ऐकू येणार?" आणि तिने लाल लोकरीने मला नेवेनाच्या मनगटाला बांधले.

दुपारी कुकेरांची मिरवणूक बघायला आम्ही रस्त्याच्या कडेला दोरीमागे बसलो, आणि आजीने बानित्साचा, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पोळीचा, डबा उघडला. मऊ चीज नेवेनाच्या हनुवटीवर ओघळले म्हणून झोर्नित्सा रुमाल शोधू लागली. तेवढ्यात समोरून पांढरी केसाळ कातडी गेली. "बाबा!" असे म्हणत नेवेना दोरीखालून सरळ कुकेरांच्या रांगेत घुसली.

तो तिचा बाबा नव्हता, मित्रांनो. शेजारच्या गावचे कुकेरही पांढरीच कातडी घालतात. आणि मुखवट्यातून पायाशी काही दिसत नाही. चहूकडे जड बूट उड्या मारत होते, आणि नेवेना त्या माणसाच्या कातडीला धरून खुशाल चालली होती. भीती तिला नव्हती, मला होती. मी जीव तोडून वाजत होते, पण हजार घंटांत माझे कोण ऐकणार?

बाहेर काय झाले ते मला नंतर कळले. झोर्नित्साची किंकाळी ऐकून आजोबा काठी टेकत रांगेत शिरले आणि रांगेलच्या पुढ्यात उभे राहिले.

"थांब! घंटा थांबव!"

"बाबा, परीक्षक समोर आहेत! आणि घंटा थांबल्या तर..."

"तर तर काय करतोस? नेवेना रांगेत हरवलीय! शांत झालं की ती वाजवणार. रोज दुपारी माझी झोप मोडते, मला माहीत आहे. थांबव!"

तीस वर्षे ज्यांनी तो नियम पाळला आणि पाळायला लावला, त्यांनीच आपली काठी वर केली. आमची टोळी थांबली. मागचे गाव थांबले, पुढचे थांबले. उत्सवात कधी झाली नव्हती अशी शांतता पसरली.

नेवेनाने इकडे तिकडे पाहिले. तिला ते मुळीच आवडले नाही. तिने हात उचलला आणि मला शेजारच्या कुकेराच्या जाडजूड घंटेवर आपटले. ठक्क-खर्र! पुन्हा, ठक्क-खर्र!

चांगल्या घंटा तिथे हजार होत्या. फुटकी मी एकटीच.

"तीच! आमचीच आहे ती!" आजोबा ओरडले, आणि दुखऱ्या गुडघ्याने तरण्या पोरासारखे धावले. त्यांनी नेवेनाला उचलले आणि सगळ्या उत्सवासमोर ढसाढसा रडले. रांगेलनेही मुखवटा काढून फेकला. दोन्ही नियम मोडले. बक्षीस अर्थात दुसऱ्या गावाला गेले. हाकललेले वाईटसाईट परत आले का? आले असेल, मला तरी दिसले नाही.

घरी आल्यावर रांगेल मला पुन्हा पट्ट्यावर बसवणार होता. नेवेनाने दिले नाही, आणि मलाही जायचे नव्हते.

मित्रांनो, तुम्ही खूप वाजवा, नाचा, मिरवा. पण अधूनमधून जरा थांबत जा. तुमच्या आवाजाखाली कोणी लहानगे हाक मारत असेल.

आमच्याकडे आजही दुपारी घर शांत होते आणि नेवेना मला बडवते. आजोबा आता खेकसत नाहीत. डोळे न उघडताच म्हणतात, "आहे गं बाई, इथेच आहे."