नगरभवनाला रंग नको

मित्रांनो, रस्त्यावरून जाणारे बरेच जण माझ्याकडे बघून म्हणतात, "अरेच्चा, याला गिलावा करायचा राहिला वाटतं!" नाही हो, काहीही राहिलेलं नाही. मी या शहराचं जुनं नगरभवन आहे. अंग काँक्रीटचं, रंग राखाडी आणि स्वभाव, लोक म्हणतात तसा, जरा खडूस. पण जवळ येऊन बसलात तर माझी सगळी कहाणी सांगेन.

माझा आराखडा काढणारा वास्तुविशारद एक नंबरचा हट्टी माणूस होता. त्याला नक्षी नको, संगमरवर नको, गिलावासुद्धा नको. लाकडी फळ्यांचे साचे उभे करायचे, त्यात काँक्रीट ओतायचं आणि ते घट्ट झालं की फळ्या काढून घ्यायच्या, बस्स. फळीवरची प्रत्येक रेघ, प्रत्येक गाठ माझ्या भिंतीवर जशीच्या तशी उमटली. मुकादम डोकं धरून बसला. "साहेब, लोक मला हसतील. निदान चुन्याचा एक हात तरी मारू द्या!" साहेब नाही म्हणाले ते नाहीच.

उद्घाटनाला पाहुण्यांनी नाकं मुरडली, पण हळूहळू शहराला माझी सवय झाली. जन्माचे दाखले माझ्याकडेच मिळत, लग्नांची नोंद माझ्याकडेच होई. दुपारी बाजारातली माणसं माझ्या रुंद पायऱ्यांवर डबे उघडून बसत. आणि माझं सभागृह! छतातल्या झरोक्यांतून उजेड बरोबर बोलणाऱ्याच्या टेबलावर पडायचा. तिथे पाण्याच्या नळावरून जी भांडणं झाली, ती ऐकून माझ्या खांबांचीसुद्धा करमणूक झाली. एक सभासद तर दर सभेत राजीनामा द्यायचे आणि चहा आला की परत घ्यायचे.

मग माझ्यावर लोकांची माया जडली आणि तिथेच घात झाला. एका नगराध्यक्षांना वाटलं, बिचारं किती उदास दिसतं! त्यांनी मला गुलाबी ऑइलपेंट लावला. पुढच्यांना गुलाबी आवडेना, त्यांनी आकाशी दिला. त्यानंतरच्यांनी पिवळा. जो निवडून येई तो आधी माझ्यावर ब्रश फिरवी. गच्चीवर चढून तुंबलेली पन्हाळं साफ करायला मात्र कुणाला सवड नव्हती. वरून पाणी आत झिरपायचं आणि रंगाच्या थरांमुळे ते बाहेर पडायला वाट नसायची. मी आतल्या आत ओला राहिलो. सळ्या गंजल्या, फुगल्या. मला सगळं कळत होतं हो, पण सांगणार कसं?

शेवटी एका सकाळी माझ्या पोर्चमधून परातीएवढा तुकडा निखळला आणि करवसुलीच्या कारकुनाच्या स्कूटरवर पडला. कारकून नुकताच उतरून आत गेला होता, म्हणून वाचला. माझी मान शरमेने खाली गेली. ज्यांच्यासाठी उभा राहिलो, त्यांच्याच जिवावर उठलो होतो. माझ्याभोवती पत्रे ठोकले गेले, सभा शाळेत भरू लागल्या आणि आताच्या अध्यक्षबाईंनी मला पाडण्याचा ठराव तयार केला. माझ्या जागी काचेची चकचकीत इमारत येणार होती.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. कामाला वाघ होत्या, फक्त त्यांना केलेलं काम लोकांना दिसायला हवं असे. ठरावाच्या आदल्या दिवशी, तपासणीला आलेल्या इंजिनियर मुलीशी सभागृहात त्यांची चांगलीच जुंपली.

"बाई, हे म्हातारपण नाही. औषध आहे यावर," इंजिनियर म्हणाली. "कुजलेला भाग काढू, सळ्या साफ करू, पन्हाळं मोकळी करू. आणि हा सगळा रंग उतरवू."

"आणि वरून नवीन कुठला देणार?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे एवढा खटाटोप करून पुन्हा तेच मळकं राखाडी ध्यान? लोक मला विचारतील, बाई, तुम्ही केलंत काय? अर्धवट बांधकाम दाखवू मी त्यांना?"

बाईंचं मन वळलं नाही, तर उद्या सगळं संपणार होतं.

त्याच वेळी दारातून एक म्हातारी हळूहळू आत आली. अध्यक्षबाईंची आई. डोक्यावर इंजिनियरने दिलेली पिवळी टोपी. "तेव्हा घमेलं होतं, आता टोपी," ती स्वतःशीच हसली. तरुणपणी तिने माझ्यासाठी काँक्रीटची घमेली वाहिली होती. खोटं कशाला बोलू, मी तिला ओळखलं नाही. तेव्हा किती जणी होत्या आणि सगळ्या सिमेंटने माखलेल्या. उद्घाटनाला त्यांना कुणी बोलावलं नाही. पुढे दाखले आणायला तिचा नवराच यायचा. म्हणून तिने लेकीला म्हटलं होतं, "पाडणारच आहात, तर आधी एकदा आतून बघू दे."

इंजिनियरने भिंतीवरचा थोडा रंग काढून पाहिला होता. म्हातारी तिथे गेली आणि लाकडाच्या त्या रेघांवर तळहात ठेवून उभी राहिली.

"फळ्या काढल्या ना, त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी अशाच हात लावून बघत होतो," ती म्हणाली. "मुकादम ओरडत होता, पण कुणी हलेना. एवढं देखणं काहीतरी आपल्या हातून झालंय, हे खरंच वाटेना."

"पण आई, लोकांना हे अर्धवट वाटतं गं."

"अर्धवट?" म्हातारी फणकाऱ्याने वळली. "अगं, मी स्वतः पुरं केलंय ते!"

अध्यक्षबाईंनी आधी आईच्या तळहाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सभेत त्यांनी स्वतःचाच ठराव स्वतः मागे घेतला. विरोधकांना विरोध करायला काही उरलं नाही, त्यामुळे ते जास्तच चिडले, असं मी पत्र्यांपलीकडच्या गप्पांत ऐकलं.

माझी दुरुस्ती फार वेळ चालली. दुखलंसुद्धा. पण पिवळा, आकाशी आणि गुलाबी उतरले आणि कित्येक वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "रंग कधी देणार?" अध्यक्षबाई ठसक्यात सांगतात, "दिलाय की! हाच तो."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर माया कराल, त्याला आधी काय हवंय ते बघा. मला सजवू नका. माझी पन्हाळं साफ ठेवा आणि मला वापरा. रिकामी इमारत लवकर खचते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सभेत विषय होता गटारांचा. लोकांच्या बाकांवर म्हातारी एकटीच बसली होती. नव्या शिपायाने अदबीने विचारलं, "आजी, काही काम होतं का?"

"नाही रे," ती ऐसपैस टेकून म्हणाली, "बसायला आलेय."