उठवायचं कोणी

मुंगीच्या आईने पर्स मांडीवर घेतली आणि पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या खुर्चीत स्वतःला कसंबसं बसवलं. गुडघे पार छातीशी आले. शेजारी एका मुलाचे बाबा, टायरचं दुकान असलेले म्हणून सगळ्यांचे टायरवाले, बसू पाहत होते. खुर्ची करकरली, तसे ते पुन्हा उभे राहिले.

"मी आपला उभाच बरा," ते म्हणाले. "नाहीतर खुर्ची मोडली म्हणून मलाच बाकावर बसवतील."

दोघीतिघी हसल्या. मुंगीच्या आईचेही ओठ हलले, सवयीने. वीज गेली की लोक ज्या नंबरवर फोन करून शिव्या घालतात, तिथे ती बसायची. दिवसभर शांतपणे "आम्ही दिलगीर आहोत" म्हणायचं, हे तिचं काम. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पालकसभेला आली होती. कानामागे हेडफोनचा वळ अजून तसाच होता.

प्रश्न त्या बाकाचाच होता. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर तो ठेवलेला असे. मारामारी केली की तिथे एकट्याने बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. मुंगी या आठवड्यात दोनदा बसली होती. सोमवारी शेजारच्या मुलाला चावली म्हणून आणि काल त्याचंच दप्तर खिडकीबाहेर टाकलं म्हणून.

"आपल्या पोरीला शिक्षा करणारे हे कोण?" मुंगीचे बाबा सकाळी बूट घालता घालता म्हणाले होते. "बंद करायला लाव, नाहीतर नाव काढू तिचं शाळेतून."

तिने मान हलवली होती.

"रोज कोणीतरी येतं," मुख्याध्यापिका टेबलाला टेकून सांगत होत्या. "एक म्हणतो फार लाड करता, दुसरा म्हणतो छळता. म्हटलं, मुलं तुमची, तुम्हीच ठरवा. आपापल्या पोराचं सांगा, तसं करू."

"माझ्याला द्या दोन ठेवून," टायरवाले लगेच म्हणाले. "आम्ही काय मेलो का मार खाऊन?"

"मेला नाहीत, पण सुधारलाही नाहीत," मागून त्यांची बायको म्हणाली.

हशा पिकला. तो ओसरायच्या आत एक निवृत्त पोस्टमास्तर उठले.

"माझ्या नातवाच्या दंडावर दात उमटलेत. चावणाऱ्या पोरीचं तिच्या आईने ठरवायचं, ठीक. पण माझ्या नातवाचा दंड कोणाच्या अखत्यारीत येतो, तेवढं सांगा."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मुंगीची आई, तुम्ही सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बाक नको." तिचा फोनवरचाच आवाज निघाला, सपाट. "एवढ्या लहान मुलीला एकटं बसवू नये."

"मग काय करू? घरी काय करता तुम्ही?"

"घरी आम्ही हात उगारत नाही. माझ्या आईनेही मला कधी बोट लावलं नाही."

"छानच. पण मग करता काय?"

"बोलत नाही मी तिच्याशी."

"म्हणजे?"

"अबोला धरते. रविवारी तिने नवा पडदा कात्रीने कापला. तेव्हापासून."

आज बुधवार होता. कोणीतरी खोकलं.

"जेवायला वाढते, वेणी घालते, सगळं करते," ती म्हणाली. "फक्त बोलत नाही. कळतं तिला."

वर्गाच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"तरीच," त्या हळूच म्हणाल्या.

"तरीच काय?"

"बाकावर आम्ही वाळूचं घड्याळ ठेवतो. वाळू खाली आली की मी जाते आणि म्हणते, झालं, ऊठ. बाकीची पोरं धूम ठोकतात. ही उठतच नाही. 'खरंच झालं?' म्हणून विचारते. मग जेवणाच्या सुट्टीत येऊन बाही ओढते, 'बाई, झालं ना?' शाळा सुटताना पुन्हा तेच. मी आपलं हसण्यावारी नेलं."

मुंगीच्या आईने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. स्वतःच्या आईचा अबोला कसा संपायचा, ते तिला धड आठवेना. एखाद्या सकाळी आई म्हणायची, दूध उतू जातंय बघ. बस, तेवढंच. मग ती धावत जाऊन गॅस बंद करायची आणि दिवसभर आईच्या तोंडाकडे बघत राहायची.

"मग बाक नकोच ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बसवा," ती म्हणाली. "पण उठवायला विसरू नका."

"आम्ही नाही हो विसरत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

पोस्टमास्तर काही बोलायला म्हणून उठले होते. ते तसेच खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात शाळेच्या मावशींपाशी मुंगी मणी ओवत बसली होती. आई दिसताच तिने मणी डबीत ओतले, दप्तर पाठीला लावलं आणि उभी राहिली. काय ठरलं, ते तिने विचारलं नाही. दोघी फाटकापर्यंत चालत आल्या, आई पुढे, ती एक पाऊल मागे.

फाटकाशी आई थांबली. तिने वळून मुंगीच्या पायांकडे पाहिलं.

"नाडी सुटलीय बुटाची," ती म्हणाली.

मुंगीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला म्हणालीस?"

"हो. तुलाच."

मुंगी नाडी बांधायला वाकली नाही. आईच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"मग," तिने विचारलं, "रविवारपासूनचं सगळं सांगू?"