मधला जी

"पप्पा, आजोबांचं नाव गोटीराम का ठेवलं?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या मनाली आणि गीतांजलीने पैज लावली होती, की मी घरी असं विचारूच शकणार नाही. पालकसभेत पप्पांनी बाईंना "रूपेश गोटीराम पाटील" असं खणखणीत पूर्ण नाव सांगितलं, तेव्हापासून वर्गात मी 'गोटी' आहे. कबड्डीच्या नव्या टी-शर्टवर मागे काय छापायचं ते उद्या सरांना सांगायचं होतं. मी 'नमी' ठरवलेलं. मनाली म्हणाली, "गोटीच छाप ना, फुकट पब्लिसिटी!"

तर मी विचारलं. पप्पांनी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"जन्मला तवा गोटीएवढा होता म्हनून. नमे, इकडं ये, हा ऑफिसचा मेल टाक फोनात."

पप्पा उरणला कंटेनर यार्डात गेटवर असतात. त्यांना शिफ्ट सुपरवायझर करणार, असं साहेब तोंडी बोलले होते. पण पत्र येणार मेलवर, आणि आज सहाच्या आत मेलवरूनच होकार कळवायचा. नाहीतर पुढच्या माणसाचा नंबर. आणि पप्पांच्या फोनात मेलच नव्हता! आमच्या करावे गावात सगळी कामं फोन लावून होतात, मेल कोण बघतो?

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. अकाउंट जोडलं, रूपेश डॉट पाटील टाकलं. पहिला पासवर्ड यार्डात सगळ्यांना एकच दिलेला. टकन उघडलं.

"बघा, झालं पण!"

वरच इंग्रजी मेल होता. मी वाचून मराठीत सांगितलं. "खेद आहे, सुपरवायझरसाठी तुमची निवड झालेली नाही."

आई कोलंबी सोलत होती, ती थांबली. पप्पा म्हणाले, "बरं." चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मी मेल पुन्हा वाचला. नावाखाली 'गेट दोन' लिहिलेलं.

"पप्पा, तुम्ही गेट दोनला कधी होता?"

"कदी नाय. मी चारला. दोनला तो दुसरा रूपेश पाटील हाय, उरनचा."

आम्ही तिघं फोनकडे बघत राहिलो. चुकून दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं झालं. मी तो मेल 'न वाचलेला' करून ठेवला आणि अकाउंट काढून टाकलं.

सहा वाजत आले होते. पप्पांनी यार्डातल्या कॉम्प्युटरवाल्या प्रसादला फोन लावला, स्पीकरवर.

"मी रूपेश पाटील बोलतो."

"कुठला रूपेश पाटील?"

आमच्या गावात 'कुठला' विचारत नाहीत, 'कुणाचा' विचारतात. पप्पांनी सवयीने तेच उत्तर दिलं, "गोटीरामाचा."

मी डोळे मिटले. आता हा हसणार.

"अहो, मग तसं सांगा ना! तुमच्या आयडीत मध्ये जी आहे. रूपेश डॉट जी डॉट पाटील. दोन रूपेश झाले, म्हणून तुमच्या वडलांचं अक्षर घातलं."

जी घातला. उघडलं. निवड झाली होती!

मी उत्तर टाइप करणार, तेवढ्यात पप्पांनी फोन घेतला. "मी लिवतो." एका बोटाने त्यांनी 'अ‍ॅक्सेप्टेड' लिहिलं, एक सी कमी पडला तो मी सांगितला. खाली पूर्ण नाव, गोटीरामसकट. मेल वेळेत गेला.

आईने विचारलं, "त्या उरनच्या रूपेशला सांगनार?"

"त्याचा मेल हाय, त्यालाच वाचू दे. उद्या चहा पाजतो त्याला."

आई पुन्हा कोलंबीकडे वळली. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"आई, पप्पा, ऐका. टी-शर्टवर नमी कॅन्सल. मागे मोठ्या अक्षरांत 'गोटीराम' छापणार आहे मी."