दवाखान्याच्या खिडकीखालची शेळी

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. माझ्या डोळ्यांभोवती काळ्या रेघा आहेत, म्हणून मला काजळी म्हणतात. आम्हां शेळ्यांना एक वाईट खोड असते. दोरी असो, कागद असो, कोणाच्या धोतराचा सोगा असो, तोंड लावून बघितल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. या खोडीपायी मी पुष्कळ मार खाल्ला. पण माझ्याइतकीच चौकस असलेल्या एका बाईने मला वाढवलं, आणि तिचीच हकीकत मला तुम्हांला सांगायची आहे.

तिचं नाव मायाक्का. मंगळवेढ्याच्या बाजूला एका धनगरवस्तीवर ती आणि तिचा नवरा सिदू राहत. माझी आई मला जन्म देऊन मेली, तेव्हा मायाक्काने दुधात फडकं बुडवून माझ्या तोंडात पिळलं आणि मला जगवलं. सिदू मेंढरं राखी. तो फार बोलत नसे. मायाक्का मात्र सारखी विचारी. विहिरीत पाणी येतं कुठून, मेंढराला थंडी कळते का, आगगाडी वळते कशी. सिदू हसून म्हणे, "मला काय म्हाईत?" आणि कामाला लागे.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. मग एका सुगीत मायाक्काचं पोट दिसू लागलं. वस्तीवरच्या बायकांनी तिची ओटी भरली. तिने जुन्या लुगड्याची मऊ कुंची शिवली. त्याच सुमारास मीही गाभण होते. माझं पिल्लू आतून लाथा मारी, ते मला कळे. दुपारी मी मायाक्काच्या मांडीवर डोकं टेकून बसे, तेव्हा तिच्या पोटाला माझा कान लागे. तिथे काहीच हलत नसे. मला नवल वाटे, पण शेळीने ते कोणाला सांगावं?

मी व्याले, माझं करडू पाला खाऊ लागलं, तरी मायाक्का बाळंत झाली नाही. पोट वाढतच राहिलं. हातपाय काटक्यांसारखे झाले. बायका कुजबुजू लागल्या. कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे पोर आतच दगड झालंय. एका सकाळी सिदूने मेंढरं भावाच्या ताब्यात दिली, गाडी जुंपली आणि तो तिला सोलापूरला न्यायला निघाला. मी दावं तोडून मागे धावले. त्याने दोनदा हाकललं, शेवटी मला गाडीच्या मागे बांधलं. दूध तरी होईल, असं तो मायाक्काला म्हणाला.

सोलापुरात दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब होता. त्याच्या खाली, बायकांच्या खोलीच्या खिडकीजवळ मला बांधलं. तिथून मला आतलं सगळं ऐकू येई, आणि मान उंचावली की दिसेही. कसले कसले उग्र वास येत. गिरणीचा भोंगा झाला की मी दचके.

डॉक्टरीणबाईंनी मायाक्काला तपासलं आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं, की पोटात मूल नाही, मोठी गाठ आहे. ती कापून काढावी लागेल. त्यात जीवाला धोका आहे. नाही काढली तर ती वाढत जाईल आणि मायाक्का फार दिवस जगणार नाही.

सिदूचा बारीक आवाज आला. तो म्हणत होता की आपण घरी जाऊ, देवीला जाऊ, कापायला नको. मायाक्काने त्याला बोलू दिलं. मग ती म्हणाली, "माझ्या पोटात काय हाय ते कळल्याबिगर मी घरला येनार न्हाय."

सिदू बाहेर आला आणि माझ्याजवळ येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. सिदू कडुनिंबाखाली उकिडवा बसून राहिला. माझी धार काढायची तो विसरला. कास दगडासारखी झाली, मी ओरडू लागले. दवाखान्याच्या भिंतीमागे एका टांगेवाल्याचं घर होतं. त्याची बायको सुगराबी माझा आवाज ऐकून आली. तिने मला पिळलं आणि सिदूपुढे दुधाचा तांब्या धरला. त्याने नको म्हणून मान हलवली. ती त्याच्याजवळच बसून राहिली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा सिदू उठून पुढे गेला. गाठ निघाली होती. मायाक्का जिवंत होती.

त्यानंतरचा दिवस सर्वांत कठीण गेला. गुंगी उतरली तशी मायाक्का पाणी मागू लागली, आणि पाणी द्यायची मनाई होती. सिदू ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत राही. ती रागावे, त्याचा हात ढकले, पुन्हा पाणी मागे. हातपाय धुवायला तो आवारातल्या विहिरीवर येई, पण ओंजळ तोंडाला लावत नसे. तिला पाणी मिळेपर्यंत त्यानेही घोट घेतला नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण मी बघत होते.

मग पेज सुरू झाली, मग माझं दूध. सिदूला रानात भाकरी थापायची सवय होती, पण बायकोचे केस विंचरायची नव्हती. सुगराबीने त्याला गुंता सोडवायला शिकवलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका पदराआड हसत. तो खाली मान घालून विंचरत राही.

जखम भरत होती, पण मायाक्का बोलेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडे. काही विचारीना, हे सिदूला सर्वांत भयंकर वाटलं. एके दिवशी त्याने तिला सरळ विचारलं, "तुला काय पायजे?"

ती म्हणाली, "ती गाठ मला दावा. येवढे दिवस मी तिला पोर म्हनून जपली."

सिदू डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंना ते बरं वाटेना. पेशंट घाबरेल, असं त्या म्हणाल्या. आयुष्यात कोणाशी वाद न घातलेला सिदू तिथेच उभा राहिला. "बाई, तिला न बघताच भ्या वाटतंय," तो म्हणाला.

तेव्हा त्यांनी व्हरांड्यात एक मोठी काचेची बरणी आणवली. मीही दावं ताणून मान लांब केली. आत भोपळ्यासारखं पांढुरकं, गुळगुळीत काहीतरी होतं. सिदूने मायाक्काला काखेत धरून उभं केलं होतं. तिने काचेवर हात ठेवला. चारी बाजूंनी बघितलं. याला डोळे नाहीत ना, याला दुखलं का, असं विचारलं. बाईंनी न हसता एकेक उत्तर दिलं. मग ती रडली, आणि सिदूने तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिने विचारलं, "आन् ही हुती कशानं?" बाई म्हणाल्या, ते अजून त्यांनाही नीट ठाऊक नाही. त्या दिवशी मायाक्का पोटभर जेवली.

वस्तीवर परतल्यावर तिला जड उचलायची बंदी होती. सिदू डोक्यावर घागर घेऊन विहिरीवर जाऊ लागला. पारावरचे लोक हसले. तो म्हणाला, "टाके उसवले तर तुमी शिवनार हाय का?" पुन्हा कोणी हसलं नाही. बायकांनी पोराचं विचारलं तेव्हा मायाक्काने सांगितलं, "पोर नव्हतं, गाठ हुती. मी बघून आले."

मित्रांनो, आता माझं दूध आटलं आहे, गुडघे वाकत नाहीत. तरी मला कोणी बाजार दाखवला नाही. तुम्हांला माझं एवढंच मागणं आहे, की तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर 'भिऊ नको' असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय विचारायचं आहे ते आधी विचारू द्या, आणि उत्तर शोधायला त्याच्यासोबत जा.

कालच दूरच्या वस्तीवरची एक तरुण बाई पोट धरून आमच्या दारी आली. तिला काही सांगायची लाज वाटत होती. मायाक्काने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "विचार, काय विचारायचं ते." त्या दोघींचं बोलणं संपायच्या आतच, कोणी न सांगता, सिदू उठला आणि दावणीचे बैल सोडून गाडी जुंपू लागला.